जुना टॅब किती वर्षं चालतो आणि सेकंडहँड घेताना काय बघायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली ११ वर्षं मी टॅब आणि मोबाईल रिपेअरच्या काउंटरवर बसतोय. रोज कोणी ना कोणी जुना टॅब घेऊन येतं आणि तेच तेच प्रश्न विचारतं, बऱ्याचदा पैसे देऊन झाल्यावर. ते आधी विचारले असते तर किती बरं झालं असतं असं मला दर वेळी वाटतं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय.

एक आकडा सांगा ना, टॅब किती वर्षं चालतो?

एक आकडा सांगायचा तर नीट वापरलेला आयपॅड ७-८ वर्षं, सॅमसंगच्या वरच्या रेंजचा टॅब ५-६ वर्षं आणि एकदम स्वस्तातला अँड्रॉइड ३-४ वर्षं. हे माझ्या काउंटरवरचं बघून सांगतोय, कुठल्या कंपनीच्या कागदावरचं नाही.

पण खरं म्हणजे टॅबला दोन आयुष्यं असतात. एक बॅटरीचं, ते वापरावर ठरतं. दुसरं सॉफ्टवेअरचं, आणि ते तुम्ही टॅब कपाटात ठेवला तरी संपत जातं, कारण ते मोजायचं त्या मॉडेलच्या लाँचपासून, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. लोक नेमकं इथे चुकतात. "अहो फक्त एक वर्ष वापरलाय" हे वाक्य अगदी खरं असू शकतं, आणि तरीही मॉडेल ६ वर्षं जुनं असू शकतं.

आयपॅड एअर २ बघा. ऑक्टोबर २०१४ ला आला, २०२१ च्या आयपॅडओएस १५ पर्यंत (आयपॅडओएस म्हणजे आयपॅडचं मुख्य सॉफ्टवेअर) त्याला नवीन व्हर्जन मिळालं आणि १६ ला त्याचं नाव यादीतून गेलं. ज्याने २०१४ ला घेतला त्याला ७ वर्षं मिळाली. ज्याने २०२० ला जुना घेतला त्याला एकच मिळालं, टॅब मात्र दोघांचा तोच.

ही चूक मी स्वतः केलीय. २०१९ च्या उन्हाळ्यात वडिलांना पेपर वाचायला म्हणून आयपॅड मिनी २ घेतला, बॉडी चकाचक, बॅटरी चांगली, भाव कमी. मॉडेल २०१३ चं आहे हे मला माहीत होतं, पण मी त्याचा विचारच केला नाही. सप्टेंबरात आयपॅडओएस १३ आलं आणि मिनी २ त्यात नव्हता, तो त्याच्या आधीच्या सॉफ्टवेअरवर, आयओएस १२ वरच राहिला. पुढच्या काही वर्षांत एकेक ॲप नवीन व्हर्जन मागायला लागलं आणि वडील दर आठवड्याला विचारायचे, हे आता का उघडत नाही. टॅब मात्र शेवटपर्यंत ठणठणीत होता.

लाँचचं वर्ष कसं शोधायचं? विकणाऱ्याला तर काहीच माहीत नसतं

मॉडेल नंबर मागा, नाव नको. आयपॅडमध्ये सेटिंग्जमधून जनरल आणि तिथून अबाउट, मॉडेल नंबरवर एकदा टच केलं की ए पासून सुरू होणारा ४ आकडी नंबर दिसतो, तो गुगलवर टाकला की कितवी जनरेशन, कुठलं वर्ष सगळं निघतं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या तळाला अबाउट टॅब्लेट असतं.

नावावर का जायचं नाही तर सॅमसंग टॅब एस ६ लाईट. याच नावाने तीन वेगवेगळे टॅब आलेत. २०२० चा पी६१० किंवा सिमवाला पी६१५, २०२२ चा पी६१३ आणि पी६१९, २०२४ चा पी६२० आणि पी६२५. तिन्हींत प्रोसेसर वेगळा. २०२० वाला अँड्रॉइड १० वर आला आणि १३ वर थांबला, २०२४ वाला आलाच १४ वर. जाहिरातीत तिन्हींचं नाव "एस ६ लाईट, पेनसकट, फ्रेश कंडिशन" असंच असतं आणि फोटोत फरक कळत नाही. फोनवरच मॉडेल नंबर विचारायचा, तो सांगायला कंटाळा करणाऱ्याकडे जायचंच नाही.

अपडेट बंद झालं म्हणजे टॅब बंद झाला का?

नाही, लगेच नाही. व्हिडिओ, पीडीएफ, गाणी सगळं चालत राहतं, पण हळूहळू कडा खचतात. आधी बँकेची ॲप जातात, मग मुलांच्या क्लासची ॲप, मग ब्राउझर. क्रोमच्या नवीन व्हर्जनला २०२५ पासून अँड्रॉइड १० लागतं, म्हणजे अँड्रॉइड ८ किंवा ९ वर अडकलेल्या टॅबवर जुनंच क्रोम राहणार. अँड्रॉइड ७.१ च्या आधीच्या टॅबवर तर काही साईट उघडतच नाहीत, कनेक्शन सुरक्षित नाही असा मेसेज येतो, कारण साईट खरी आहे हे तपासायला लागणारी नवीन सर्टिफिकेटं त्या टॅबमध्ये नसतात. लोकांना वाटतं वायफाय खराब आहे, राउटर बदलून झालेला असतो बिचाऱ्यांचा.

माझा नियम असा आहे, पेपर वाचायला आणि व्हिडिओ बघायला अपडेट संपलेला टॅब एकवेळ चालेल, पैशांचे व्यवहार त्यावर नकोत. आणि यूपीआय तसंही वायफायवाल्या टॅबवर सुरू होत नाही, कारण नोंदणीसाठी त्याच डिव्हाइसमधल्या सिमवरून मेसेज जावा लागतो, त्यामुळे "फोनपे चालत नाही, टॅब खराब दिला" असं म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

आयपॅडवर ॲप "नवीन व्हर्जन पाहिजे" म्हणालं तर एक करून बघा, तेच ॲप तुमच्या ॲपल आयडीवर आधी कधी घेतलेलं असेल तर ॲप स्टोअर शेवटचं चालणारं जुनं व्हर्जन देऊ का असं विचारतं. नेहमी विचारेलच असं नाही पण वडिलांच्या मिनीवर मी याच्यावरच दोन वर्षं काढली.

जुना आयपॅड घ्यायचाय, कुठल्या जनरेशनच्या खाली जायचं नाही?

सप्टेंबर २०२५ ला आयपॅडओएस २६ आलं त्यात साधा आयपॅड ८व्या जनरेशनपासून पुढे आहे. ५वी जनरेशन १६ वर थांबली, ६वी १७ वर, ७वी १८ वर. म्हणून आज ७वी किंवा त्याच्या आधीची घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे जी बरेच दुकानदारही बघत नाहीत. ७वी जनरेशन, मिनी ५ आणि एअर ३ हे तिन्ही २०१९ चे. पण ७व्या जनरेशनमध्ये ए१० चिप आहे, म्हणजे २०१६ च्या आयफोन ७ मधली, आणि मिनी ५ आणि एअर ३ मध्ये ए१२. त्यामुळे एकाच वर्षाचे असून ७वी जनरेशन १८ वर अडकली आणि बाकीचे दोघं २६ वर गेले. म्हणजे नुसतं वर्षही पुरत नाही, चिप कुठली तेही बघा.

८वी जनरेशन चालेल, पण तिचं बेसिक मॉडेल ३२ जीबीचं आहे, ते नको. मला विचाराल तर सेकंडहँडमध्ये सध्या सगळ्यात समाधानाचा टॅब ९वी जनरेशन, २०२१ ची. ए१३ चिप, ६४ जीबीपासून सुरू, हेडफोनचा जॅक आहे, होम बटण आहे त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पटकन जमतं, आणि ॲपलने ती २०२४ पर्यंत विकली म्हणून बाजारात कमी वापरलेले पीस मिळतात. १०वी जनरेशन २०२२ ची, टाइप सी चार्जिंगवाली, बजेट असेल तर ती.

आणि अँड्रॉइड? सॅमसंगच घ्यायचा का?

सॅमसंगच असं काही नाही, पण सॅमसंगचे पार्ट मिळतात. माझ्यासाठी हे फार मोठं कारण आहे, कारण अनोळखी ब्रँडच्या टॅबची काच फुटली की तो टॅब संपला, डिस्प्ले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात पण मिळत नाही.

टॅब ए ७ मध्ये ३ जीबी रॅम आहे आणि तो अँड्रॉइड १२ वर थांबला, त्याचे दिवस भरलेत. टॅब ए ८ अँड्रॉइड ११ वर आला नि १४ वर थांबला, घरात व्हिडिओ बघायला ठीक. त्याच्यापुढे थोडे पैसे घालता येत असतील तर टॅब एस ९ किंवा एस ९ एफई बघा, २०२३ चे, ४ व्हर्जन आणि ५ वर्षं सिक्युरिटी अपडेट असं कंपनीने सांगितलेलं आहे म्हणजे २०२८ पर्यंत निवांत, पेन बॉक्समध्येच येतो आणि पाण्यासाठी आयपी६८ रेटिंग आहे. मात्र एकदा उघडून डिस्प्ले बदललेला असेल तर त्या आयपी६८ वर विश्वास ठेवू नका, आतलं सील परत तसं बसत नाही. टॅब एस १० प्लस आणि अल्ट्राला तर ७ वर्षं सांगितलीत, पण ते अजून सेकंडहँडमध्येही महाग आहेत.

ऑनलाइन जाहिरातीत "१२ जीबी रॅम ५१२ जीबी, ५ हजार" असे अनोळखी ब्रँडचे टॅब दिसतात. घेऊ नका. सेटिंग्जमध्ये दिसणारा आकडा बदललेला असू शकतो आणि खरी मेमरी भरली की नवीन फाईल जुनीवर लिहिली जाते, मग फोटो उघडत नाहीत. लहान मुलांचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेलेले लोक येतात माझ्याकडे आणि त्यावर काही इलाज नसतो.

बॅटरी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

हा भाग नीट वाचा. ॲपल सांगतं की आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण चार्ज सायकलनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवलेली असते. सायकल म्हणजे एकदा चार्जरला लावणं नाही, आज ५० टक्के वापरली आणि उद्या ५० तर दोन दिवसांची मिळून एक सायकल. टॅब फोनसारखा रोज संपत नाही, त्यामुळे घरगुती वापरात १००० सायकल व्हायला बरीच वर्षं लागतात. टॅबची बॅटरी सायकलमुळे कमी आणि उष्णतेमुळे, सतत १०० टक्क्यांवर चार्जरला लावून ठेवल्यामुळे जास्त मरते.

आयफोनसारखं बॅटरी हेल्थ सगळ्या आयपॅडमध्ये दिसत नाही. २०२४ चा एम४ चिपवाला आयपॅड प्रो, एम२ चिपवाला आयपॅड एअर आणि त्यांच्या नंतरचे, एवढ्यातच सेटिंग्जमध्ये दिसतं. जुन्यासाठी कॉम्प्युटरला लावून थ्री यू टूल्स किंवा मॅकवर कोकोनट बॅटरीने बघता येतं, दुकानात हे असतं, दुकानदाराला म्हणा लावून दाखवा. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमधल्या डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची अवस्था कळते.

यातलं काहीच नसलं तर घड्याळ लावा. १० तास चालेल असं सांगितलेला टॅब नवा असताना ६ मिनिटाला १ टक्का खातो, बरोबर? मग ब्राइटनेस अर्धा ठेवून वायफायवर अर्धा तास व्हिडिओ लावा. ५-६ टक्के उतरली तर बॅटरी उत्तम. ७-८ म्हणजे वापरलेली पण चालेल. १० च्या वर गेली तर नव्या बॅटरीचे पैसे किंमतीतून कमी करून मागा. अर्धा तास थांबायला लाजू नका, विकणाऱ्याशी गप्पा मारा, टॅब कोणी वापरला ते विचारा, त्यातूनच बरंच कळतं. आणि टेस्ट १०० टक्क्यांपासून सुरू करू नका, कमजोर बॅटरी १०० ला बराच वेळ चिकटून राहते आणि मग ३० वरून एकदम ५ वर येते, म्हणून ६०-७० पासून करा.

बॅटरी बदलता येते का?

येते. पण टॅबमध्ये बॅटरी चिकटवलेली असते आणि आयपॅडमध्ये तिथपर्यंत जायला समोरची काच गरम करून काढावी लागते, त्यात काच तडकायची भीती असते. म्हणून कामाआधी विचारा की काच गेली तर खर्च कोणाचा. लोकल बॅटरी वर्षभरात बसते, मी तरी टाकत नाही.

कडेने स्क्रीन थोडी वर आलीय, विकणारा म्हणतो गम सुटलाय

गम सुटलेला नाही, बॅटरी फुगलीय. टॅब सपाट टेबलावर ठेवा, कोपऱ्यांना हलकं दाबा, डुलला तर फुगलेली आहे नाहीतर बॉडी वाकलेली आहे. फुगलेला टॅब घेऊ नका, चार्जिंगला लावू नका, दाबून परत बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, लिथियमची बॅटरी आत टोचली गेली तर पेट घेते. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, माझ्या टेबलावर जळका डाग आहे.

लॉकचं एवढं काय असतं? टॅब तर चालू दाखवतात

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण यातच लोकांचे पूर्ण पैसे बुडतात.

मागच्या वर्षी एक मुलगी आली, एमपीएससीची तयारी करणारी, गावाहून पुण्यात येऊन अभ्यासिकेत बसणारी. मेसच्या पैशातून वाचवून जुना आयपॅड घेतला होता, पीडीएफ वाचायला नि नोट्स काढायला. घेताना टॅब चालू होता, सगळं उघडून दाखवलं होतं. रूमवर येऊन तिने विकणाऱ्याचा डेटा नको म्हणून रिसेट मारला, आणि टॅब आधीच्या मालकाचा ॲपल आयडी नि पासवर्ड मागायला लागला. विकणाऱ्याचा फोन बंद. मी काहीच करू शकलो नाही. काहीच. तो टॅब पार्टच्या भावात जाणार होता नि ती तशीच बॅगेत घालून परत घेऊन गेली.

आयपॅडमध्ये हे २०१३ च्या आयओएस ७ पासून आहे, ॲक्टिव्हेशन लॉक म्हणतात, फाइंड माय चालू असेल तर लागतं. अँड्रॉइडमध्ये ५.१ पासून एफआरपी आहे, गुगल अकाउंट न काढता रिकव्हरीतून रिसेट मारला की जुनंच अकाउंट मागतं. म्हणजे चालू टॅब दाखवणं याला काहीच अर्थ नाही, उलट रिसेट केलेला टॅब तुमच्या हातात सुरू होतो का हे बघायचं.

तर करायचं असं. विकणाऱ्यालाच तुमच्यासमोर आयपॅडवर ॲपल आयडीतून साइन आउट करायला सांगा, अँड्रॉइडवर आधी सगळी अकाउंट काढायला सांगा. मग रिसेट. मग तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट द्या आणि भाषा निवडण्यापासून होम स्क्रीन येईपर्यंत तुम्ही स्वतः सेटअप करा. मधे कुठेही जुन्या मालकाचा ईमेल मागितला, अर्धा अक्षरं लपवलेला का होईना दिसला, तर उठायचं. "घरी जाऊन पासवर्ड पाठवतो" याला हो म्हणायचं नाही. पैसे होम स्क्रीन बघितल्यावर.

तिसरं लॉक त्याच्याहून फसवं. क्लासने किंवा ऑफिसने वाटलेल्या टॅबमध्ये त्यांचा कंट्रोल असतो, आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर लिहिलेलं असतं की हा आयपॅड अमुक संस्था सुपरवाइज करते, अँड्रॉइडच्या लॉक स्क्रीनवर हे डिव्हाइस संस्थेचं आहे असं येतं. हे सीरियल नंबरला जोडलेलं असतं म्हणून रिसेट केला, इंटरनेट दिलं की परत हजर. सरकारी योजनेतून विद्यार्थ्यांना मिळालेले टॅबसुद्धा घेऊ नका, महाज्योतीसारख्या संस्थेने एखाद्या मुलाला नीट-जेईईसाठी दिलेला टॅब त्याच्याच हातात राहू द्या.

आणि "बायपास करून देतो" म्हणणारे भेटतील. काही जुन्या मॉडेलवर तात्पुरतं होतं, पुढच्या अपडेटला किंवा रिसेटला परत लॉक. शिवाय लॉक असलेला टॅब चोरीचा असण्याची शक्यता असते, त्यात पडू नका.

बाकी हातात घेऊन काय काय बघायचं?

चार्जिंग आधी. तुमची केबल घेऊन जा, लावल्यावर हलवून बघा, चार्जिंग जातं-येतं तर जॅक गेलाय. जॅकमध्ये मोबाईलचा टॉर्च मारा, हिरवट दिसलं तर पाणी गेलेलं आहे, कोकणातल्या टॅबमध्ये दमट हवेमुळेही हे दिसतं.

टचसाठी एखादा आयकॉन दाबून धरा आणि पूर्ण स्क्रीनभर न सोडता फिरवा, कोपऱ्यांत पण, कुठे सुटला तर तिथे टच मेलाय. चार्जर लावून हेच परत करा, कारण घोस्ट टच, म्हणजे बोट न लावता आपोआप टच होणं, बऱ्याचदा चार्जिंगवरच येतो. पांढरं पान उघडून ब्राइटनेस पूर्ण करा, पिवळट डाग, पांढरे ठिपके, लाईन दिसते. कॅमेरा, माइक, दोन्ही बाजूचे स्पीकर, वायफाय राउटरपासून दोन खोल्या लांब.

होम बटणवाल्या आयपॅडमध्ये फिंगरप्रिंट नक्की लावून बघा, तो सेन्सर बोर्डाशी जोडीने येतो, बटण बदललं की बटण चालतं पण फिंगरप्रिंट कायमचं जातं. फिंगरप्रिंट चालत नाही म्हणजे कोणीतरी काच काढताना चूक केलीय, आणि मग अजून काय काय केलंय देव जाणे. २०१८ चा आयपॅड प्रो असेल तर कडेवरून डोळा लावून वाकलाय का बघा, ती बॉडी पातळ आहे.

ओटीटी बघणार असाल तर अँड्रॉइडवर वाइडवाइन लेव्हल तपासा, व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून टॅबमध्ये असलेलं ते संरक्षण, फुकट ॲप मिळतं ते बघायला. एल१ असेल तर नेटफ्लिक्स साधारणपणे एचडी, एल३ असेल तर कितीही भारी स्क्रीन असली तरी चित्र धूसरच.

काच फुटलेला स्वस्तात मिळतोय, घेऊन डिस्प्ले टाकू का?

साधा आयपॅड असेल तर विचार करा. ९व्या, १०व्या जनरेशनपर्यंत त्यात वरची काच वेगळी आणि आतला डिस्प्ले वेगळा असतो, नुसती काच फुटली असेल तर तेवढीच बदलते. एअर, प्रो, नवीन मिनी यांच्यात दोन्ही एकत्र चिकटलेलं असतं, आम्ही कॉम्बो म्हणतो, त्याच्या किमतीत दुसरा टॅब येतो. सॅमसंगमध्येही कॉम्बोच.

किंमत बरोबर आहे का हे कसं ठरवू?

उरलेल्या वर्षांनी भागा. समजा एक टॅब ८ हजाराला आहे आणि त्याची अपडेटची २ वर्षं उरलीत, म्हणजे वर्षाला ४ हजार. दुसरा १५ हजाराला आणि ५ वर्षं उरलीत, वर्षाला ३. महाग दिसणारा स्वस्त निघाला. पहिल्यात बॅटरी बदलावी लागणार असेल तर ती पण ८ हजारांत मिळवून मग भागा. एक वर्ष उरलेला टॅब कितीही कमी किमतीत मला पटत नाही, अपवाद फक्त भिंतीवर लावून भजनं ऐकायला वगैरे पाहिजे असेल तर.

कुठून घ्यावा, दुकान की ऑनलाइन माणसाकडून?

दुकानात थोडे जास्त जातात पण परत जाऊन बोलायला जागा राहते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बिल घ्या आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, नुसतं "टॅब १ नग" नको. किती दिवसांची गॅरंटी आणि कशाकशाची हेही त्याच बिलावर.

माणसाकडून घेत असाल तर ओरिजिनल बिल किंवा निदान बॉक्स मागा, बॉक्सवरचा सीरियल नंबर सेटिंग्जमधल्याशी जुळवा. सिमवाला टॅब असेल तर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या टॅबचा स्वतःचा ओळख नंबर, सरकारच्या संचार साथी साईटवर टाका, किंवा इंग्रजीत केवायएम, स्पेस, आयएमईआय असा मेसेज १४४२२ वर पाठवा, चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर कळतं. वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, त्यामुळे तिथे बिल आणि बॉक्सच महत्त्वाचं.

ॲडव्हान्स द्यायचा नाही, कुरिअरने मागवायचा नाही. सैन्यात आहे, बदली झालीय, आधी गेट पाससाठी पैसे पाठवा म्हणणारा फोन आला तर ठेवून द्या. आणि तुमचा जुना विकताना कोणी "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणालं तर लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, जितका लवकर तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

मुलाला दहावीला, आईला बघायला, मुलीला ड्रॉइंगला, सगळ्यांना एकच टॅब चालेल का?

आईबाबांना स्क्रीन मोठी आणि आवाज चांगला पाहिजे, बाकी काही नाही, ४ जीबी रॅम भरपूर. शाळेतल्या मुलाला ६४ जीबीच्या खाली नको, ३२ जीबीत निम्मी जागा सिस्टीमच खाते आणि स्टोरेज काठोकाठ भरलं की स्वस्तातले टॅब रडायला लागतात, लोकांना वाटतं प्रोसेसर जुना झाला.

नोट्स आणि ड्रॉइंगला पेन बघून टॅब घ्या, उलटं नाही. एस ६ लाईटच्या पेनात बॅटरीच नसते म्हणून तो वर्षानुवर्षं चालतो. ॲपलची पहिली पेन्सिल ६व्या ते १०व्या जनरेशनला चालते, पण महिनोन् महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिली तर तिची बॅटरी कायमची मरते, म्हणून सेकंडहँड पेन्सिल टॅबला जोडून, चार्ज होते हे बघून, प्रत्यक्ष लिहूनच घ्या. कुठली पेन्सिल कुठल्या मॉडेलला चालते हे फार किचकट आहे, घेण्याआधी मॉडेल टाकून तपासा.

भाऊ अमेरिकेहून त्याचा जुना आयपॅड आणणार आहे, चालेल ना?

मस्त चालेल, चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त पिनसाठी कन्व्हर्टर लागेल. भावाला विमानात बसायच्या आधी त्याचा ॲपल आयडी काढायला सांगा. विसरला आणि परत गेला तरी घाबरू नका, तो तिकडून आयक्लाऊडच्या साईटवरून आयपॅड अकाउंटमधून काढू शकतो. सिमवाला असेल तर २०२४ च्या एम४ प्रो आणि एम२ एअरमध्ये सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम.

घेतला, आता जास्त टिकवायला काय करू?

उष्णता. बाकी सगळं नंतर. ॲपलच म्हणतं ३५ डिग्रीच्या वर बॅटरीला त्रास, आणि आपल्याकडे नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात ४५ होतं. उन्हात उभ्या गाडीत टॅब ठेवू नका, उशीवर ठेवून चार्जिंगला लावू नका, चार्जिंगवर गेम नको, जाड कव्हर चार्जिंगच्या वेळी काढलं तर अजून चांगलं. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्ट चालू करा, नवीन आयपॅडमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावता येते. परीक्षेनंतर टॅब कपाटात जाणार असेल तर पूर्ण चार्ज करून किंवा पूर्ण संपवून नको, ५० टक्क्यांवर बंद करून ठेवा आणि अधूनमधून काढून परत ५० ला आणा.

आणि जुना टॅब, तो कुठे टाकू?

कचऱ्याच्या गाडीत नाही. डेटा पुसा, अकाउंट काढा, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, बऱ्याच शहरांत महापालिका आणि संस्था ठरावीक दिवशी गोळा करतात. चालू असेल तर कोणाला तरी वापरायला द्या, पण सतत चार्जरला लावून फोटो फ्रेम करू नका, बॅटरी फुगलेले माझ्याकडे येणारे बरेच टॅब असेच भिंतीवरचे असतात. लावायचाच असेल तर प्लगला टायमर लावा, दिवसातून दोन तास पुरतात.

वडिलांचा तो मिनी २ मी अजून टाकलेला नाही. आयओएस १२ वर आहे, इंटरनेट काढून टाकलंय, आत त्यांनी साठवलेली ज्ञानेश्वरीची पीडीएफ आणि अभंग आहेत, रोज सकाळी पाऊण तास चालतो आणि आठवड्यातून दोनदा चार्ज करतो.